आईच्या भाकरीला आर कुठून आणू?

पत्र थोडक्यात असं. लातूरला पतसंस्थेत नोकरी करणारी 31 वर्षांची वाचक, तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत भाड्याने राहते. खोलीत ओटा आहे, पण घरमालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की गॅस चालणार नाही, जाळ नको, लाईटवर काय करायचं ते करा. एकटी होती तोवर किटली आणि मेसचा डबा यावर भागायचं. मागच्या वर्षी वडील गेले, भाऊ पुण्याला, त्याची रूम हिच्याहून लहान, म्हणून आईला गावाकडून इकडे आणलं. आईने 40 वर्षं चुलीवर सैपाक केलेला. आता दोन्ही वेळचा डबा येतो पण आई अर्धीच पोळी खाते आणि म्हणते, "ज्या घरात आर नाही ते घर कसलं गं." (आर म्हणजे चुलीतला निखारा.) इंडक्शन आणलं, आईने एकदा त्यावर चहाचं जर्मलचं पातेलं ठेवलं, ते टूं टूं वाजायला लागलं, ती घाबरली आणि त्यानंतर हात लावला नाही. भाऊ म्हणतो 5 किलोची टाकी गुपचूप आणून ठेव, कोण बघायलंय. ऑफिसजवळ दुसरं परवडणारं घर मिळत नाही. टाकी आणावी, घर बदलावं, का आईची समजूत घालावी, असं तिने विचारलंय.

अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस, माझी लेक तुझ्याच वयाची आहे.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं हा सरळ शेगडीचा प्रश्न आहे, ही घे ती घेऊ नको सांगितलं की झालं. दुसऱ्यांदा वाचताना दोन वाक्यांपाशी अडकले. एक म्हणजे "सकाळी डबा, संध्याकाळी डबा, तिला फक्त ताट घ्यायचं असतं तरी ती खूश नाही", आणि दुसरं, इंडक्शन वाजलं तेव्हा तू म्हणालीस ते, "राहू दे, तुला नाही कळायचं." तू हे प्रेमाने म्हणालीस हे मला कळतं, ऑफिसला उशीर होत असेल, आई दचकली असेल, तुला वाटलं हिला कशाला त्रास. पण त्या पातेल्याचं नेमकं काय झालं होतं ते तिला कुणी सांगितलंच नाही ना?

जर्मल म्हणजे ॲल्युमिनियम. इंडक्शनच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्यातून चुंबकाचं बल तयार होतं आणि भांड्याचं बूडच त्याने तापतं, म्हणून ज्या बुडाला चुंबक चिकटतो तेवढंच भांडं चालतं. जर्मल, नुसतं पितळ, नुसतं तांबं, यांना ती शेगडी ओळखतच नाही, भांडं नाही असं समजून वाजत बसते. म्हणजे त्या दिवशी आईचं काहीच चुकलं नव्हतं, भांडं चुकीचं होतं आणि ते तर तिच्या घरचं, वर्षानुवर्षांचं हातातलं भांडं. 40 वर्षं ज्या पातेल्यात चहा केला त्या पातेल्याला नव्या घरातली शेगडी ओळखत नाही, वर लेक म्हणते तुला नाही कळायचं. मी असते तर मीही अर्धीच पोळी खाल्ली असती.

म्हणून समजूत घालायचं पहिलं काम उलट्या बाजूने आहे. आज घरी गेल्यावर फ्रिजवरचा नाहीतर कपाटाच्या दाराचा एखादा चुंबक घे, आईला घेऊन बस आणि गावाकडून आणलेली सगळी भांडी एकेक करून तपासा. चिकटलं ते इकडे, नाही ते तिकडे. स्टीलचीही गंमत कळेल, काही डब्यांना चिकटेल काहींना नाही. आणि तिचा लोखंडी तवा, तो आणलाच असणार तिने, त्याला चुंबक असा टाचकन बसेल की तिलाच हसू येईल.

आता टाकीचं. भावाला माझ्याकडून सांग की नको. 5 किलोची टाकी तेल कंपन्यांचीच मिळते, ओळखपत्रावर मिळते, पत्त्याचा पुरावाही मागत नाहीत, त्यात बेकायदेशीर काही नाही (कोपऱ्यावरच्या दुकानात मोठ्या टाकीतून छोटीत भरून देतात ते मात्र बेकायदेशीरही आहे आणि जिवावरचंही). अडचण तुझ्या खोलीची आहे. तूच लिहिलंयस की एकच खिडकी, तीही जिन्याकडे उघडते, आणि तुम्ही दोघी खाली गादी टाकून झोपता. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर वर न जाता खाली फरशीवर साठत जातो, म्हणजे नेमका तुमच्या उशापाशी. आणि लपवून ठेवायची म्हणजे कुठे, ओट्याखाली नाहीतर कपाटात, जिथे वारा लागत नाही तिथेच. शिवाय मालकाचं पाऊल जिन्यात वाजलं की आईने टाकीवर चादर टाकायची, या वयात तिला हे चोरासारखं जगणं कशाला?

घर बदलणं हाही उपाय आहे पण तो शेवटचा ठेव. ऑफिस पायी दहा मिनिटांवर आहे, दुपारी जेवायला घरी येता येतं असं तू लिहिलंयस, आईसाठी याची किंमत फार मोठी आहे. गॅसवाल्या घरात गेलीस आणि दिवसभर ती एकटी बसली तर ते घर बदलून काय मिळवलंस? तिला गुडघ्यांमुळे तीन मजले अजिबात झेपत नसतील तर गोष्ट वेगळी, मग त्या कारणासाठी बदल.

राहिली भाकरी. खरा मुद्दा हाच आहे, पत्रात तू पोळी पोळी लिहिलंस पण तुझी आई भाकरी खाणारी बाई आहे, डब्यातल्या मैदामिश्रित गार पोळीने तिचं पोट कसं भरणार.

मी स्वतः संभाजीनगरला वर्षभर अशाच बिनजाळाच्या खोलीत काढलंय, नवऱ्याची बदली झाली होती तेव्हा, आणि इंडक्शनवरच्या माझ्या पहिल्या पाच-सहा भाकऱ्या म्हणजे मध्ये काळ्या, कडेला कच्च्या, नकाशेच नुसते. मग हळूहळू कळलं. इंडक्शनचं वेटोळं लहान असतं, तवा मधेच तापतो, कडेला उष्णता उशिरा पोचते, म्हणून गावाकडच्यासारखी परातभर भाकरी थापायची नाही, वितीएवढीच थापायची. तवा सपाट बुडाचा पाहिजे, खोलगट तवा काचेला पूर्ण टेकत नाही. गंजगोलाईच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात बिडाचा सपाट तवा मिळेल, जाड घे, पातळ पत्र्याचा तवा एकदम मोठ्या आचेवर ठेवला की वाकतो आणि मग डुगडुगत बसतो. आधी मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं तापू द्यायचा, पाण्याचा थेंब टाकला की चुर्र झालं पाहिजे. पिठाला आधण किटलीत दोन मिनिटांत होतं, हे चुलीवर कुठलं मिळायला. भाकरी टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकत आलं की उलथली, दुसरी बाजू मात्र चुलीवरच्यापेक्षा जास्त वेळ ठेवायची, पूर्ण भाजू द्यायची, मग परत उलटून सुती फडक्याची घडी करून कडेकडेने हलकं दाबत फिरवायचं. पीठ ताजं असेल, त्याला विरी म्हणजे चिकटपणा असेल, तर टम्म फुगते. तवा अजिबात उचलायचा नाही, उचलला की शेगडीला वाटतं भांडं गेलं.

चव अगदी चुलीवरची लागते का? नाही लागत. आरावर शेकलेल्या भाकरीला जो तो वास असतो तो येत नाही, आणि तो येईल असं आईला खोटं सांगू नकोस, पहिल्या घासाला पकडेल ती. पण मालदांडी ज्वारीचं ताजं दळलेलं पीठ असेल तर डब्यातल्या पोळीपेक्षा शंभरपट बरी.

अजून एक पर्याय आहे, इन्फ्रारेड शेगडी. दिसायला इंडक्शनसारखीच, पण आत तापणारी तार असते आणि काच लालबुंद होते, खरंच आरासारखी. तिला कुठलंही सपाट बुडाचं भांडं चालतं, आईचं जर्मलचं पातेलंसुद्धा, आणि पापड भाजायची जाळी ठेवून तिच्यावर भाकरी शेकता येते, पोळी फुगवता येते. तुझी आई म्हणते आर नाही, तर हा बिनधुराचा आर आहे म्हण ना. तोटे पण ऐक. बंद केल्यावर काचेचा लाल रंग जातो पण काच बराच वेळ पोळते, डोळ्याला विझलेली दिसते आणि हात भाजतो. भाकरीचं पीठ काचेवर गळतं आणि करपून चिकटतं, गार झाल्यावर रोज पुसावं लागतं. इंडक्शनपेक्षा वीज थोडी जास्त जाते, खोलीही जास्त तापते, आणि लातूरच्या मे महिन्यात स्लॅबखालच्या खोलीत ते जाणवतं. तुझ्या जागी मी असते तर दोन्ही ठेवलं असतं, कुकर-वरण-भात इंडक्शनवर आणि आईची भाकरी इन्फ्रारेडवर, पण दोन्ही एका वेळी नाही. का ते आता सांगते आणि हे ज्यांच्या खोलीत गॅस नाही त्या सगळ्यांनी वाचा.

या शेगड्या बहुतेक 2000 वॅटच्या असतात. भिंतीवरचा साधा लहान प्लग 6 अँपियरचा, तो 1300-1400 वॅटच्या वर ओढायला नसतो. मोठ्या पिनचा 16 अँपियरचा पॉइंट लागतो, फ्रिज-गिझरला असतो तसा, आणि तोही एका वेळी एकाच शेगडीला पुरतो. लोक काय करतात, मोठी पिन लहानात बसवायचा कन्व्हर्टर आणतात पन्नास रुपयांचा, नाहीतर मोबाईल चार्जिंगच्या एक्स्टेंशन बोर्डावर शेगडी लावतात. मीही लावली होती. कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आत जळका वास आला, बघते तर बोर्ड मेणासारखा मऊ झालेला आणि पिन आत चिकटून बसलेली. झोपेत झालं असतं तर आज हे लिहायला मी नसते. तेव्हा वायरमनला बोलव, ओट्याजवळ 16 अँपियरचा पॉइंट आणि अर्थिंग आहे का बघायला सांग, नसेल तर मालकांशी बोलून करून घे, खर्च निम्मा-निम्मा म्हण. त्यांना गॅसची भीती आहे म्हणजे ते आगीला घाबरणारे आहेत, वायरिंगचं नाव काढलं तर तुझ्या बाजूनेच बोलतील. बिलाचा हिशोबही त्यांच्यासमोर मांड, 1200 वॅटवर 50 मिनिटं चालली की एक युनिट, रोज तासभर धरला तर महिन्याला 36 युनिट, तुमच्या दराने गुणून बघ आणि मेसच्या दोन डब्यांशी ताडून बघ.

लाईट जाते त्याचं काय, हे आई विचारणारच. त्याला तिच्याकडेच उत्तर असेल, गोधडी. तांदूळ आणि मुगाची डाळ अर्धा तास भिजवायची, जाड बुडाच्या भरल्या पातेल्यात दहा मिनिटं खळखळ उकळायची, झाकण घट्ट लावून पातेलं आधी टॉवेलात आणि मग गोधडीत गुंडाळून तासभर ठेवून द्यायचं. उघडशील तर खिचडी शिजलेली, वाफाळती. गरम आहे तोवर खाऊन टाकायची, रात्रभर तशीच ठेवायची नाही. लाईट मधेच गेली तरी पातेल्यातली उष्णता काम करत राहते.

आणि खरं सांगू का, शेगडी नसताना कसं खायचं हे आपल्या मराठवाड्याच्या बायकांना शिकवायची गरजच नाही. येसर घे. गहू, हरभऱ्याची डाळ, धने-मसाला सगळं भाजून दळलेलं, गावाकडे सणा-लग्नाला डबे भरून असतं ते. वरून फोडणी आणि उकळतं पाणी, दहा मिनिटांत आमटी, भाकरी कुस्करून खायला याहून चांगलं काय आहे. मुरमुरे भिजवून पिळून फोडणीत परतले की सुशीला, पाच मिनिटांचं काम. वरण शिजवून त्यातच कणकेच्या चकोल्या सोडल्या की एका कुकरात पूर्ण जेवण, भांडीही कमी, आणि ज्या गावाने 2016 साली रेल्वेने आलेलं पाणी भरलंय त्या गावात घासायला एक पातेलं कमी ही काय साधी गोष्ट नाही. सातूचं पीठ गूळ-पाण्यात कालवलं की कशाचीच गरज नाही. जवसाची चटणी, कारळाची चटणी, कुटलेली शेंगदाण्याची, याला काय शेगडी लागते? दाणे भाजायला लागते तेवढीच, तीही आठवड्यातून एकदा. धपाटे सकाळी केले तर दुसऱ्या दिवशी दह्याबरोबर जास्तच छान लागतात.

हे सगळं मी तुला नाही सांगत आहे, तुझ्या आईला येतं हे. तुला फक्त तिला विचारायचंय.

मला वाटतं तुझी चूक झाली ती इथे, चूक म्हणजे, कौतुकाचीच चूक. तुला वाटलं आईने जन्मभर कष्ट केले, आता तिला आराम. म्हणून डबा लावलास, कपडे मशीनला, झाडायला बाई. पण ज्या बाईच्या हातात 40 वर्षं घराची चूल होती, कुणी किती खायचं, पाहुण्याला काय करायचं, पीठ कधी दळायचं हे सगळं जिच्या हुकमावर चालायचं, तिला तू पाहुणी करून टाकलंस. त्यात वडील गेले. आता ज्याच्यासाठी रांधायचं तो नाही आणि रांधायची जागाही नाही. ती जेव्हा म्हणते घरात आर नाही, तेव्हा मला नाही वाटत ती गॅसबद्दल बोलतेय.

मग उद्यापासून सगळं तिच्यावर टाकायचं का? तसंही नको गं, साठीच्या बाईला ओट्याशी जुंपून "आईला स्वयंपाक केल्याशिवाय करमत नाही" म्हणणारी मुलं-मुली मी खूप बघितलीत, तेही सोयीचंच असतं. संध्याकाळचा डबा बंद कर, सकाळचा महिनाभर राहू दे. संध्याकाळी तू घरी आल्यावर दोघी मिळून करा, काय करायचं ते ती ठरवील, कांदा तू चिरायचा. एखाद्या दिवशी ती म्हणाली आज जिवावर आलंय तर बाहेरून आणायचं, तिला अपराधी वाटू द्यायचं नाही.

शेगडीची बटणं मात्र नीट शिकव. इंग्रजी अक्षरं आहेत म्हणून अडत असेल तर चालू-बंदच्या बटणाशेजारी लाल टिकली लाव, कमी-जास्तच्या बटणांशेजारी हिरव्या, आचेचा एकच आकडा ठरवून दे, भाकरीला हा, चहाला हा. करंट बसेल ही भीती असेल तर हसू नकोस, गावाकडे स्टार्टरचा, मोटारीचा शॉक बसलेली माणसं तिने बघितलेली आहेत, तिची भीती अनुभवातली आहे. सांग की ओल्या हाताने प्लगला हात लावायचा नाही, बाकी काचेला लावला तर करंट बसत नाही, पण नुकतंच भांडं उतरवलं असेल तर काच पोळते, गार होऊ द्यायची. आणि शेजारी उभं राहून दर मिनिटाला सूचना देऊ नकोस, दोनदा दाखव आणि आंघोळीला निघून जा. माणूस एकटं असताना जे शिकतं ते कुणी बघत असताना शिकत नाही.

एक बारीकशी गोष्ट अजून. तिने आयुष्यभर बसून सैपाक केलाय, तुझा ओटा उभ्याचा. भाकरी उभ्याने थापताना जोर वेगळ्या ठिकाणी लागतो, खांदे भरतात. कदाचित तिला इंडक्शनची भीती कमी आणि उभं राहायचं जास्त जड जात असेल, सांगत नसेल इतकंच. विचार तिला. बसून करायचं म्हणाली तर गुडघाभर उंचीचा भक्कम टेबल घे, शेगडी त्यावर, वायर भिंतीकडून, पाण्याची घागर लांब. फरशीवर शेगडी ठेवून नाही, पाणी सांडतं आणि वायरीत पाय अडकतो.

लातुरात क्लाससाठी राहणाऱ्या पोरापोरींचीही अशीच पत्रं येतात म्हणून जाता जाता त्यांना. तार उघडी असलेली कॉईलची शेगडी घेऊ नका, भांड्याला करंट उतरतो. इस्त्री उलटी करून तिच्यावर मॅगी करणारे, बादलीत हीटर टाकून अंडी उकडणारे मला माहिती आहेत, माझा भाऊ त्यातलाच होता, वाचला हे नशीब. साध्या किटलीत दूध उकळू नका, बुडाला लागतं आणि नंतरच्या प्रत्येक पाण्याला करपट वास येतो. भाताचा छोटा इलेक्ट्रिक कुकर घ्या, त्यात भात, खिचडी, उकडलेले बटाटे, सगळं होतं आणि शिजलं की स्वतःच आच कमी करतो, अभ्यास करता करता विसरलात तरी चालतं. आणि घरून येताना येसर, चटण्या आणि सातू आणा, लाजू नका.

तर ताई, रविवारी सकाळी गंजगोलाईत दोघी मिळून जा. तवा तिला निवडू दे, ठोकून बघेल, वजन बघेल, दुकानदाराशी भाव करेल, तू मधे बोलू नकोस, पैसे दे फक्त. येताना ज्वारी घ्या आणि गिरणीत समोर उभं राहून दळून आणा. पहिली भाकरी तुटली तर तुटू दे, दुधात कुस्करून खा.